वहिनी, आकडा दिसतो ना?

पनवेल
२२ डिसेंबर २०१७

सत्यजीत,

आशीर्वाद आहेतच, त्यांच्यासाठी वेगळी ओळ घालवत नाही. गेल्या गुरुवारपासून तुला फोन लावते आहे. वाजून वाजून बंद होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतोस. तेव्हा हेही वाचशील म्हणून पत्र टाकते आहे. रेवा म्हणाली, "आई, बंगळूरूला पत्र? काकाला वाटेल कोर्टाची नोटीस आली." म्हटलं, वाटू दे.

कॉम्प्युटरबद्दल लिहायचं आहे.

दिवाळीनंतर तो चालू केला की आतून टकटक यायला लागली. आधी मला वाटलं पाल असेल. तू शिकवलं होतंस तसं झाकण उघडून रॅमची पट्टी काढली, खोडरबराने घासून परत बसवली. तारीख नेहमीप्रमाणे २००२ सालची आली होती, ती कॅलेंडर बघून सरळ केली. टकटक थांबेना. मग एका गुरुवारी, दत्ताची आरती करून बसले, तर पडदा निळा झाला तो झालाच. तुला फोन लागेना. तुझे दादा म्हणाले, "तुझं सोनं डब्यात गेलं, आता डबाही गेला. सोनं मोडून कॉम्प्युटरात ठेवणारी अख्ख्या रायगड जिल्ह्यात तू एकटीच." त्यांना थट्टा सुचते. मला दोन दिवस घास उतरला नाही.

शेवटी डबा जुन्या सुती साडीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन लाइन आळीत रोशनीच्या दुकानात गेले. ही रोशनी करंजाची, कोळ्यांची. गेल्या वर्षी लग्न करून पनवेलला आली, नवऱ्याबरोबर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. बाईमाणसाकडे दिलेलं बरं म्हणून तिच्याकडे. तिने विचारलं, "काकू, काय हाय यात एवढं?" मग सांगितलं, की माझ्या आईच्या पाटल्या मोडून माझ्या दिराने चार वर्षांपूर्वी मला दोन बिटकॉइन घेऊन दिली, ती यात आहेत. मुलीचं लग्न ठरलंय, आता एक विकून पाटल्या परत करायच्या आहेत. आणि हेही सांगितलं, की काहीही झालं तरी नेटची वायर लावायची नाही. वायर लावली की चोर शिरला, असं दिराने बजावलंय.

"बरोबर सांगितलंय," ती म्हणाली. "आमी पन हेच सांगतो."

तिने जुन्या डिस्कमधलं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. तुझा प्रोग्राम उघडला. कोपऱ्यात आकडा आला, दोन. मी हात जोडले. रोशनीने मात्र विचारलं, "ही शेवटची नेटला कवा लागलेली?"

म्हटलं, घेतली तेव्हा. त्यानंतर नाही.

"मंग हा आकडा तवाचा हाय काकू. आताचा नाय."

मला राग आला. म्हटलं, डब्यात ठेवलेलं काय शिळं होतं का? तर ती म्हणाली, "पैसा डब्यात नसतोच. डब्यात नुसती चावी हाय. हिशेब सगला जगात मांडलेला असतो, कोनीपन बघू शकतो. चावीची नक्कल करून कोनी तिकडून माल उचलला, तर तुमच्या या बंद डब्याला कसं कलनार? माझी आय करंजाच्या बंदरावर म्हावरं लिलावात लावते. सकाली मोजलेल्या टोपल्या मी घरी बसून दुपारपर्यंत सांगत राहिले, तरी माल तिकडं कवाच विकलेला असतो."

माझ्या पडद्यावर आकड्याखाली लांबलचक अक्षरं होती, म्हणजे माझ्या खात्याचा नंबर, ती तिने नेट लावलेल्या आपल्या कॉम्प्युटरवर टाकली. दोन आलेली, २०१४ च्या संक्रांतीला. दोन गेलेली, १८ सप्टेंबर २०१५. शिल्लक काही नाही.

तर सत्यजीत, मी तुला काही म्हणत नाही. तू ती दुसऱ्या चांगल्या जागी हलवली असशील आणि सांगायचं राहिलं असेल. तेवढं कळव. लग्न ६ मे ला आहे. सोनार दोन महिने घेतो.

तुझी वहिनी


९ जानेवारी २०१८

सत्यजीत,

पत्र पोचलं हे कळलं, कारण तू दादांना फोन केलास. मला नाही, दादांना. दादांना अलीकडे कमी ऐकू येतं म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात, हे तुला माहीत नसावं. मी तिळगुळाचे तीळ निवडत तिथेच बसले होते.

"दादा, वहिनीला यातलं काय कळतं? दुकानात नेला ना डबा? तिथेच घात झाला. ती पोरगी कोण, कुठली? पासवर्ड टाकताना बघितला असणार तिने. वहिनी भोळी आहे."

सतरा वर्षांचा होतास, पोलादपूरहून एक ट्रंक घेऊन आमच्याकडे शिकायला आलास, तेव्हापासून तुझा आवाज मी ओळखते. खोटं बोलताना तू समोरच्याची कीव करतोस. कॉलेजची फी भरायची राहिली तेव्हा कारकुनाची केली होतीस. परवा माझी केलीस.

आता मी भोळी काय सांगते ते ऐक. रोशनीच्या दुकानात मी पासवर्ड टाकलाच नाही. नुसता आकडा बघायला पासवर्ड लागत नाही, आतलं काढायला लागतो. हे तूच शिकवलंस. तो ठेवतानाही तू म्हणालास, "वहिनी, मलासुद्धा सांगू नकोस." केवढा भरवसा वाटला होता मला तुझा. ठेवला तेव्हा टाकला, आणि त्यानंतर फक्त एकदा. गणपतीत तू आला होतास, ऋषिपंचमी होती. मी अंघोळ करून ऋषीची भाजी चुलीवर ठेवली होती. तू कॉम्प्युटर उघडून बसलास आणि हाक मारलीस. "वहिनी, पासवर्ड चालतो का बघून घेऊ. विसरलीस तर देवसुद्धा उघडू शकणार नाही." मी येऊन टाकला. तू शहाण्या मुलासारखं भिंतीकडे तोंड केलंस. मग म्हणालास, "चालतो. आता मी बंद करतो, तू भाजी बघ, लागेल."

भाजी लागली नव्हती. मी ढवळून आले तर तू पेन ड्राइव्ह खिशात घालत होतास. म्हणालास, "एक प्रत माझ्याकडेही असू दे." मला बरं वाटलं. वाटलं, घरात कुणीतरी आहे काळजी घेणारं. पाटावर पहिली भाजी तुला वाढली.

कुलूप मी उघडलं आणि तू आत असताना भाजी ढवळायला गेले. एवढाच त्यातला घात.

जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही, मागच्या कोऱ्या बाजूला दुधाचा हिशेब लिहिते. २०१५ चं काढून पाहिलं. ऋषिपंचमी १८ सप्टेंबरला होती.

हे मी दादांना सांगितलेलं नाही. तू सांगावंस म्हणून थांबले आहे. त्या मुलीवर घेतलेला आळ तेवढा लगेच मागे घे. बाकीचं आपण नंतर बोलू.

वहिनी


५ फेब्रुवारी २०१८

सत्यजीत,

तू आळ मागे घेतला नाहीस. म्हणून काय झालं ते लिहिते.

शनिवारी तुझे दादा मला न सांगता रोशनीच्या दुकानात गेले. जन्मभर तळोज्याच्या कारखान्यात मशीनच्या आवाजावर बोलायची सवय, त्यांचं हळू बोलणंही गल्लीला ऐकू जातं. त्या दिवशी ते हळू बोलले नाहीत. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. "माझ्या बायकोला अडाणी समजून लुटलंत. पोलिसात जातो." तिचा नवरा शैलेश उठून पुढे आला, तर तिने त्याला हाताने मागे सारलं. हे मला कुणी सांगितलं म्हणशील, तर आमच्या भजनी मंडळाच्या नीताबाई तिथे झेरॉक्स काढायला उभ्या होत्या. त्यांनी संध्याकाळपर्यंत आणखी कुणाकुणाला सांगितलं ते विचारू नकोस.

रोशनीने पडदा त्यांच्याकडे वळवला. "काका, वाचा. कवा गेलेत?"

दादांनी चष्मा लावून वाचलं. मग काय म्हणाले माहीत आहे? "आमच्या डब्याची तारीख कधी बरोबर असते? तो चालू केला की २००२ साल लागतं. हीसुद्धा चुकीची असेल."

"ही तारीख तुमच्या डब्याची नाय काका. ही जगाची हाय. तवा मी करंजाला होते, लगीन पन झालं नव्हतं. तुमचं घर मला ठाव नव्हतं."

तुझे दादा तिथून घरी आले. चपला काढल्या, पाय धुतले, माझ्यासमोर बसले. "पंधरा सालच्या सप्टेंबरात आपल्याकडे कोण आलं होतं गं?" मी म्हटलं, गणपती आले होते. आणि सत्यजीत. त्यांनी मान खाली घातली. तुझ्यावर त्यांचा किती जीव ते मला माहीत आहे. वडील गेल्यावर तुझी मुंज त्यांनी केली. मला तोवर तुझा आला नव्हता एवढा राग त्यांचा चेहरा बघून आला.

पण रात्रभरात त्यांनी आपलं मन वळवलं. सकाळी म्हणाले, "झालं गेलं. घरातली गोष्ट घरात राहू दे. पत्रिका छापायला द्यायच्यात, नावं लिहू. माझ्या खाली सत्यजीतचं."

मी विचारलं, "घरातली गोष्ट दुकानात कुणी नेली?"

"मी भावाच्या शब्दावर गेलो होतो."

"मग भावाने शब्द परत घ्यावा. आधी तो, मग पत्रिका."

रोशनीकडे मी गेले होते. तोंड कसं दाखवायचं वाटत होतं, पण गेले. ती चिडली नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाली, "काकू, तुमचं काय नाय. पन आता लोक पेन ड्राइव्हसुद्धा हातात देत नाय. समोर उभे राहतात, माझ्या बोटांकडं बघतात." शैलेश पाठ करून काम करत होता, वळलासुद्धा नाही.

पाटल्यांचं मी सोडून दिलंय. रेवाला सांगितलं, आजीच्या पाटल्या नाहीत. ती म्हणाली, "आई, हिरवा चुडा भर, त्याला सोनार लागत नाही." म्हणजे तो विषय संपला. आता तुझ्याकडून मला एकच पाहिजे. गुढीपाडव्याच्या आत रोशनीला फोन कर. तिचा नंबर खाली लिहिला आहे. म्हण, मी खोटं बोललो, तुमचा दोष नाही. दोन वाक्यं आहेत. फोन तिच्या दुकानात गिऱ्हाईक असताना कर, आणि तिला सांग स्पीकरवर ठेवायला.

शशिकला वहिनी


१४ मार्च २०१८

सत्यजीत,

रोशनीला फोन आला नाही. पार्सल आलं.

लाल डबी, आत गुलाबी कागद, कागदात पाटल्यांची जोडी. चिठ्ठी: "रेवासाठी, काकाकडून. वहिनी, आता राग सोड." तुझे दादा डबी बघून इतके हलके झाले की चहा मागितला. "बघ, शेवटी केल्या ना त्याने पाटल्या."

मी एक हातात घेतली आणि खाली ठेवली. सत्यजीत, आईच्या पाटल्या माझ्या हातात वीस वर्षं होत्या. कणीक मळताना त्या मागे सारायला कोपरापर्यंत जोर लागायचा. ही बोटाने सरकत होती. एक ग्रॅम सोन्याचा मुलामा. पनवेलच्या बाजारात दुकानाबाहेर अडकवलेल्या असतात, दोन वर्षांची गॅरंटी देतात. मी दादांच्या तळहातावर दोन्ही ठेवल्या. ते बराच वेळ त्या वजन केल्यासारख्या वरखाली करत राहिले. चहा निवला.

कालचा तुझा फोन दादांनी घेतला आणि माझ्या हातात दिला, आठवतं ना. तू रडलास. म्हणालास, "वहिनी, तेव्हा भाव पार कोसळला होता, मला वाटलं शून्य होईल, म्हणून काढून घेतली. दोन्ही मिळून बाइकसुद्धा आली नाही, नुसता पहिला हप्ता झाला. मग भाव चढत गेला, आणि मला तोंड उघडता येईना."

हे मला समजतं. खरंच समजतं. पंधरा साली येऊन म्हणाला असतास, "वहिनी, बुडालं," तर मी म्हटलं असतं, बुडू दे, जेवायला बस. तुला गरज होती म्हणाला असतास तरी पासवर्ड मीच टाकून दिला असता. तू घेतलंस त्याचं मी आता काही धरत नाही.

मी धरते ते पुढचं. काढून घेतल्यावर तू दर महिन्याला फोन करत राहिलास. "वहिनी, मशीन चालू केलंस ना? आकडा दिसतो ना?" मी म्हणायचे, दिसतो रे, दोन. "छान. नेटला लावू नकोस हं." गेल्या मे महिन्यात जगभर व्हायरस आला तेव्हा सकाळी सात वाजता फोन करून म्हणालास, "सगळ्या वायरी काढून ठेव, कुणाला हात लावू देऊ नकोस." मी काढल्या. आषाढात मंडळाची गाणगापूरची बस निघाली. नीताबाईंनी माझी जागा धरून ठेवली होती. मी गेले नाही. पावसात लाइट जाते येते, दमट हवेत डबा चार दिवस बंद राहिला तर बिघडेल म्हणून. दत्तमहाराजांना म्हटलं, यंदा राहू द्या, घरात जोखीम आहे. दिवाळीला लक्ष्मीपूजनात त्याच्यापुढे पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं. दादा हसून म्हणाले, "अक्षता जपून टाक, पंख्यात जातील."

तुला माहीत होतं आत काही नाही. तरी तू विचारायचास. मी "दिसतो" म्हटलं की तुझ्या जिवाला स्वस्थ वाटत असेल, नाही? मी राखण करते आहे तोवर तू सुटलेला. तू माझं सोनं एकदा नेलंस, राखण मात्र सव्वादोन वर्षं करून घेतलीस. आणि शेवटी जी तुझं खरं सांगू शकत होती तिलाच चोर म्हणालास.

पाटल्या याच पार्सलने परत पाठवते आहे. पाडवा रविवारी आहे. नंबर पुन्हा लिहीत नाही, मागच्या पत्रात आहे.

शशिकला


१२ एप्रिल २०१८

श्री. सत्यजीत टिपणीस यांना,

सोबत चि. सौ. कां. रेवाच्या लग्नाची पत्रिका आहे.

निमंत्रकांत यांचं नाव आहे, माझं आहे आणि माझ्या भावाचं आहे. तुमचं पाकिटावर आहे. छापायला द्यायच्या कागदावर यांनी आपल्या हाताने तुमचं नाव लिहिलं होतं. पाडवा झाला, आणखी आठवडा गेला, मग यांनीच ते खोडलं. मी पेन दिलं नाही की अडवलंही नाही.

पहिली पत्रिका घेऊन हे लाइन आळीत गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी थांबले नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी याच जागी उभा राहून खोटं बोललो. चोर आमच्या घरातला होता." समोरच्या चहावाल्यानेही ऐकलं म्हणे. शैलेशने स्टूल पुढे केलं, यांना बसवलं. ती दोघं लग्नाला येणार आहेत, करंजाहून तिची आईही येणार आहे. त्यांना आमच्या घरच्यांच्या पंगतीत बसवायचं ठरलं आहे.

आपण जरूर यावं. मुहूर्त सकाळी अकरा वाजून काही मिनिटांचा आहे, तो पत्रिकेत दिला आहे. स्टेशनवरून रिक्षावाले जास्त मागतात, तरी भाव ठरवून बसावं. पाहुण्यांचं जेवण साडेबारापासून. वाढायला माणसं आहेत, आपण बसून घ्यावं. रेवा मोठ्यांच्या पाया पडेल त्या वेळी पुढे येण्याची आवश्यकता नाही.

एक सूचना छापलेल्या पत्रिकेत नाही, कारण ती बाकी कुणाला लागू नाही. म्हणून इथे हाताने लिहिते.

आपला आहेर स्वीकारला जाणार नाही.

सौ. शशिकला कृष्णकांत टिपणीस